एक मैलाची रेघ : शाळेची हद्द नेमकी कोणाला बांधते?

१/
१ ऑगस्ट १९४९ रोजी सातारा जिल्ह्याची विभागणी झाली. उत्तरेकडचा भाग उत्तर सातारा झाला. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा जुना सातारी मुलूख आणि सांगली, मिरज, जत ही विलीन झालेली संस्थाने यांचा मिळून दक्षिण सातारा झाला. २१ नोव्हेंबर १९६० पासून या दक्षिण साताऱ्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या घराण्याचे ऐतवडे बुद्रुक ही दोन्ही गावे जागची न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेली.

२/
जिल्हा बदलला, मामलेदारांचे वरिष्ठ बदलले, कागदांवरचे शिक्के बदलले. पाटी घेऊन शाळेला निघालेल्या मुलाची वाट मात्र बदलली नाही. शाळेची हद्द ही निराळीच गोष्ट आहे. ती कोणत्याही नकाशावर छापलेली सापडत नाही. सहा वर्षांचे मूल रोज किती चालू शकते, यावर ती ठरते. आजचा धागा या न छापलेल्या हद्दीविषयी आहे : ती कोणी आखली, कशासाठी आखली आणि आज ती पुन्हा का आखली जात आहे.

३/
सक्तीच्या शिक्षणाचा विचार आणि साताऱ्याची माती यांचे नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी किमान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. रयतेच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले निरक्षर राहतात, हा त्यांचा मूळ आक्षेप होता.

४/
सक्ती म्हटली की लगेच प्रश्न येतो : शाळाच जवळ नसेल तर सक्ती कोणावर करायची? इंग्लंडच्या १८७० च्या कायद्याने याचे उत्तर अंतरात दिले होते. घरापासून सर्वांत जवळच्या रस्त्याने मोजून तीन मैलांच्या आत शाळा नसेल, तर मुलाला न पाठवल्याबद्दल पालकाला दोषी धरता येत नसे. नामदार गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा हे अंतर त्यांनी एका मैलावर आणले.

५/
या एका मैलाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ही रेघ मुलाला अडवण्यासाठी नव्हती. मैलाच्या आत शाळा नसेल तर पालक दोषमुक्त होता. म्हणजे सक्ती अमलात आणायची असेल, तर सरकारने आधी मैलाच्या आत शाळा उभी करणे भाग होते. रेघेने बांधले जाणार होते ते शासन. गोखल्यांचे विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले, पण अंतराची ही कल्पना पुढच्या शंभर वर्षांच्या शिक्षणधोरणात टिकून राहिली.

६/
शेजारच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला. १९२३ च्या कायद्याने तो लोकल बोर्डांपर्यंत गेला. अधिकार मिळाला खरा, पण पैसा अपुरा होता. परिणामी सक्तीचा कायदा पुस्तकात आणि बिनशाळेची गावे जागच्या जागी, अशी स्थिती अनेक वर्षे राहिली.

७/
ही पोकळी सातारा जिल्ह्यात एका माणसाने दोन टोकांनी भरायला घेतली. भाऊराव पाटलांनी १९१० च्या सुमारास दुधगाव येथे विद्यार्थी आश्रमाच्या कामात भाग घेतला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली तिचे मुख्य ठाणे साताऱ्यास आणले. शाळा गावात येत नसेल तर मुलाला शाळेच्या गावी आणून ठेवायचे, हा वसतिगृहाचा विचार होता. अंतर मिटवण्याचा हा पहिला मार्ग.

८/
दुसरा मार्ग त्याच्या उलट होता. १९३५ साली साताऱ्यात संस्थेचे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. खेड्यातले तरुण तिथे शिक्षक होऊ लागले आणि पुढच्या काही वर्षांत ज्या गावात, ज्या वाडीत शाळा नाही तिथे 'व्हॉलंटरी शाळा' निघू लागल्या. त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. गावाने जागा द्यायची, बहुधा देऊळ नाहीतर चावडी. संस्थेने शिक्षक द्यायचा. पुढे या शाळा सरकारी व्यवस्थेत सामावल्या गेल्या. आज सातारा-सांगलीच्या डोंगरी वाड्यांत जी जुनी जिल्हा परिषदेची शाळा दिसते, तिच्या मुळाशी अनेकदा असा एखादा देवळातला वर्ग असतो.

९/
इथे थोडे थांबून अंतराची दुसरी बाजू पाहू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. शाळा राजवाड्याच्या वास्तूत भरे. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. शाळा गावातच होती, मैलाचा प्रश्नच नव्हता. तरी वर्गात बसायला वेगळे गोणपाट, तेही रोज स्वतः घरी न्यायचे आणि परत आणायचे, असा अनुभव बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवला आहे. रस्त्यावरचे अंतर शून्य झाले तरी वर्गातली हद्द शिल्लक राहते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

१०/
अमेरिकेत शाळेची हद्द कागदावर रीतसर आखलेली असते. घराचा पत्ता कोणत्या पट्ट्यात येतो त्यावर मुलाची शाळा ठरते. शाळेत दाटी झाली की शिक्षणमंडळ पट्टे नव्याने आखते आणि काही मोहल्ल्यांतली मुले शेजारच्या शाळेकडे वळवली जातात. टोपेका शहरातल्या लिंडा ब्राउन या कृष्णवर्णीय मुलीला घराजवळची गोऱ्यांची शाळा सोडून दूरच्या शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांनी आणि इतर पालकांनी लढवलेल्या खटल्यात १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर मात्र वाद सरकला तो हद्दींकडे. कायद्याने भिंत पाडली, तरी पट्टा कुठून आखायचा हे ठरवणाऱ्याच्या हातात ती पुन्हा उभी करण्याची सोय असते.

११/
भारतात असे पट्टे कोणी आखलेच नाहीत का? आखले होते, पण वेगळ्या हेतूने. १९५७ साली पहिले अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षण हाती घेतले गेले. खेडे हा एकक न धरता प्रत्येक स्वतंत्र वस्ती मोजायची, तिथे शाळा आहे का पाहायचे, नसेल तर जवळची शाळा किती अंतरावर आहे ते नोंदवायचे आणि प्रत्येक शाळेचे क्षेत्र ठरवायचे, असे हे प्रचंड काम होते. कमीत कमी नव्या शाळांत जास्तीत जास्त वस्त्या कशा सामावतील, हे त्यातून काढायचे होते. आपल्याकडची शाळांच्या हद्दींची ही पहिली मोठी मांडणी.

१२/
खेड्याऐवजी वस्ती मोजणे ही बाब किरकोळ वाटेल. ज्याने आपले दोन जिल्हे पाहिले आहेत त्याला तिचे मोल कळेल. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या पश्चिमेकडच्या भागात एका महसुली गावाच्या चार वाड्या चार डोंगरसोंडांवर असतात. मध्ये ओढा, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी. पूर्वेकडे माण, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात माणसे गावठाण सोडून आपापल्या रानात वस्ती करून राहतात. दोन्हीकडे गावात शाळा आहे हे वाक्य खरे असते आणि मुलाच्या दृष्टीने अपुरेही असते.

१३/
या सगळ्या विचारामागे आपल्याच भागातला एक माणूस होता. जयंत पांडुरंग नाईक, म्हणजे जे. पी. नाईक, यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचा. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. पुढे ते कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव झाले. कनिष्ठ प्राथमिक शाळा प्रत्येक मुलाच्या घरापासून मैलाच्या आत असावी, ही शिफारस आयोगाने केली. गोखल्यांचा मैल स्वतंत्र भारताच्या कागदावर असा पुन्हा उमटला.

१४/
कोठारी आयोगाने त्या मैलात एक नवा अर्थ भरला. आयोगाने 'शेजारशाळा' सुचवली : परिसरातील सर्व मुलांनी, जात, धर्म, श्रीमंती, गरिबी काहीही असो, एकाच शाळेत शिकावे. म्हणजे अंतराची रेघ केवळ पायांची सोय राहिली नाही. तिने बाबासाहेबांच्या गोणपाटाचाही प्रश्न सोडवावा, अशी अपेक्षा तिच्याकडून केली गेली. ही शिफारस सरकारांनी वाखाणली आणि बाजूला ठेवली. ज्यांची ऐपत होती त्यांची मुले रेघ ओलांडून हव्या त्या शाळेत जात राहिली.

१५/
१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मोठ्या शहरांच्या शाळा नगरपालिकांच्या शिक्षण मंडळांकडे राहिल्या. गर्दीवर आपल्याकडे जे उपाय झाले ते याच काळात रुळले. शाळा सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरवायची. मुलांची आणि मुलींची शाळा वेगळी करायची. शहरात शाळा फोडून तिला पुढचा क्रमांक द्यायचा. वस्तीवर मुले वाढली की तिथे वेगळी शाळा काढायची. २००० नंतर आलेली वस्तीशाळांची योजना हा त्याच परंपरेतला शेवटचा मोठा प्रयत्न.

१६/
या सर्व उपायांत एक गोष्ट समान दिसते. गर्दी झाली म्हणून, तुझे घर या गल्लीत आहे, तू उद्यापासून त्या शाळेत जा, असे आपल्याकडे मुलाला सहसा सांगितले गेले नाही. अमेरिकेत पट्टा हलतो आणि मूल हलते. महाराष्ट्रात शिक्षक हलतो. ३० सप्टेंबरला शाळेचा जो पट असेल त्यावरून संचमान्यता होते, किती शिक्षकपदे मंजूर हे ठरते, आणि जास्तीचे ठरलेले शिक्षक दुसऱ्या शाळेत समायोजित होतात. शाळेची हद्द आपल्याकडे जमिनीवर आखली जात नाही. ती हजेरीपटावर आखली जाते.

१७/
पटावर हद्द आखली की पटच राजकारणाचा विषय होतो. विद्यार्थी दिसले तर शिक्षक मिळतो, अनुदान मिळते. म्हणून कुठे कुठे नसलेले विद्यार्थीही पटावर बसू लागले. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि लाखो नावे प्रत्यक्षात हजर नाहीत हे उघड झाले. काही शाळांची दाटी केवळ कागदावरची होती.

१८/
आणि उलट दाटीही असते, जी कागदावर कधी येत नाही. वाळवा, कराड, पलूस हा उसाचा पट्टा. गळीत हंगाम सुरू होतो तो साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर मुलेही येतात. पटाची तारीख मात्र ३० सप्टेंबर. म्हणजे ही मुले इथे पोहोचण्यापूर्वीच इथल्या शाळांची मोजदाद संपलेली असते. कारखान्यांच्या परिसरातल्या साखरशाळा, गावाकडची हंगामी वसतिगृहे हे उपाय झाले, त्यांनी अनेकांना सांभाळलेही. तरी ज्या पद्धतीत मूल कोणत्याच शाळेच्या हद्दीत मोजले जात नाही, ती पद्धत त्या मुलासाठी आखलेली नाही, एवढे म्हणावेच लागेल.

१९/
१ एप्रिल २०१० रोजी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अमलात आला. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे शेजाराचे अंतर नियमांत ठरले. गोखल्यांचा मैल सुमारे १.६ किलोमीटरचा, म्हणजे धाकट्या मुलांसाठी रेघ घराच्या आणखी जवळ आली. दाटीसाठीही कायद्यात मोजमाप आले : प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. पहिल्यांदाच अंतर आणि दाटी या दोन्ही गोष्टी मुलाच्या हक्काच्या भाषेत लिहिल्या गेल्या.

२०/
याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या. कोठारींच्या शेजारशाळेचा हा एक चतुर्थांश अवतार म्हणता येईल. प्रवेशाच्या वेळी घर आणि शाळा यांतील अंतर नकाशावर मोजले जाऊ लागले. आधी एक किलोमीटरमधली मुले, मग एक ते तीनमधली. सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या अनेक पालकांना आपल्या घराचे शाळेपासूनचे नेमके अंतर पहिल्यांदा कळले ते हा अर्ज भरताना.

२१/
९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट मिळाली. शहरांत जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा अनुदानित शाळा किलोमीटरभरात बहुधा असतेच. त्यामुळे बहुतेक खासगी शाळांची दारे एका फटक्यात बंद होणार होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला.

२२/
या प्रसंगाचा धडा न्यायालयीन तपशिलापेक्षा मोठा आहे. १९११ मध्ये जवळच्या शाळेचे अंतर मोजले जात होते ते शासनाचे कर्तव्य ठरवण्यासाठी. २०२४ मध्ये तेच अंतर मोजले गेले ते श्रीमंत शाळेचे कर्तव्य माफ करण्यासाठी. फूटपट्टी तीच, मोजणाराही शासनच. फरक इतकाच की, जवळ शाळा असणे हे एकदा मुलाच्या हक्काचे साधन होते आणि दुसऱ्यांदा त्याला नकार देण्याचे कारण झाले.

२३/
तसेच काहीसे वीस या आकड्याचे झाले. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार किलोमीटरभराच्या शेजारात किमान २० मुले असतील तिथे प्राथमिक शाळा काढायची होती. शाळा उघडण्याची ही अट होती. २०१७ च्या अखेरीस दहाहून कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पर्यंत पट असलेल्या शाळांच्या जागी 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात सुमारे १५ हजार होत्या. उघडण्यासाठी जो आकडा लिहिला, तोच मिटवण्यासाठी वाचला जाऊ लागला.

२४/
समूह शाळेच्या बाजूनेही खरे मुद्दे आहेत, ते टाळता येत नाहीत. सहा मुलांच्या, चार इयत्तांच्या वर्गात एकच शिक्षक असेल, तर शिकणे एकाकी होते. खेळाला गडी मिळत नाहीत. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक हे छोट्या शाळेला परवडत नाही. डोंगरातली माणसे पुण्या-मुंबईला गेली, घरे कुलपात गेली, तेव्हा पट घटणारच. जी वाडी ओस पडली तिथली शाळा केवळ आठवणीखातर चालू ठेवा, असे कोणी म्हणत नाही.

२५/
प्रश्न आहे तो उरलेल्या मुलांचा. गाडी येईल असे कागदावर लिहिणे सोपे असते. श्रावणात घाटरस्त्यावर दरड आली, गाडी आली नाही, तर पहिलीतले मूल घरी बसते. आठवड्यातून दोन दिवस असे झाले की त्याचे शिकणे तुटते. मुलगी थोडी मोठी झाली की रस्ता सुरक्षित नाही म्हणून तिलाच आधी थांबवले जाते. हद्द वाढवण्याचा खर्च कोण भरतो, हे शासकीय ताळेबंदात दिसत नाही. तो भरतात घरातली सर्वांत लहान पावले.

२६/
म्हणून शाळांची हद्द पुन्हा आखण्याची चर्चा तुमच्या गावात आली, तर पट किती हे विचारून थांबू नये. आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. नव्या शाळेचे अंतर नकाशावरच्या सरळ रेषेने मोजले आहे की पावसाळ्यातल्या पायवाटेने? वाहन बंद पडले तर त्या दिवशीची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे? आणि हंगामात येणारी, पटावर नसलेली मुले या हिशेबात धरली आहेत का? शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून अधिक, तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. हे प्रश्न विचारण्याची जागा कायद्यानेच दिलेली आहे.

२७/
जिल्ह्याची हद्द १९४९ मध्ये बदलली आणि देवराष्ट्रे साताऱ्यातून सांगलीत आले. गावाचे फारसे काही बिघडले नाही. शाळेची हद्द तशी नसते. ती दोन किलोमीटर सरकली, तर एखाद्या वाडीचे शिक्षण चौथीतच संपू शकते. कटगुणच्या मातीतल्या माणसाने सक्ती मागितली, गोखल्यांनी मैल मोजला, कर्मवीरांनी त्या मैलाच्या आत शिक्षक नेऊन बसवला. या तिघांनीही अंतर मोजले ते मुलाच्या घरापासून शाळेकडे. आज पट मोजताना आपण शाळेपासून सुरुवात करतो आणि पुष्कळदा तिथेच थांबतो. मोजणी पुन्हा घराच्या उंबऱ्यापासून सुरू व्हावी, इतकेच या धाग्याचे म्हणणे आहे.

२८/
तुमच्या वाडीची शाळा कोणत्या साली, कोणाच्या देवळात किंवा पडवीत सुरू झाली, हे घरातल्या थोरांना जरूर विचारा आणि इथे खाली लिहा. अशा शाळांचा इतिहास गॅझेटिअरमध्ये क्वचितच सापडतो. तो आजीच्या आठवणीत असतो, आणि शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात.